थोरलीची मनधरणी

अग्नीला प्रसन्न करून घेण्याचे मार्ग अनेक आहेत. त्याला "जरा हळू घे" असे सांगण्याचा मार्ग मात्र कुणाला धड सापडलेला नाही. चुलीतले लाकूड ओढून घेता येते, दिव्याची वात मागे सारता येते. परंतु अणूच्या उदरात जो अग्नी वास करतो त्याची तऱ्हा निराळी. तो एकदा जागा झाला की वर्ष-दीड वर्ष एकाच लयीत तेवत राहावे, अशी त्याची वृत्ती. आणि जे त्याची सेवा करतात, त्यांचीही वृत्ती कालांतराने तशीच होऊन जाते.

नदीकाठच्या त्या वीजकेंद्रात असे एक सेवेकरी होते. हुद्द्याने ते पाळीप्रमुख. म्हणजे नियंत्रणकक्षात त्यांची पाळी असेल तोवर अणुभट्टीच्या बाबतीत शेवटचा शब्द त्यांचा. सहकारी त्यांना पाठीमागे 'स्थिरराव' म्हणत. पुढे तोंडावरही म्हणू लागले, कारण ते नाव त्यांना मनातून आवडते हे सर्वांच्या ध्यानात आले होते. चहातली साखर तेवढीच, चालण्याची गती तेवढीच, आणि रागसुद्धा तेवढाच: चढणार नाही, उतरणार नाही.

केंद्रात पूर्वी दोन अणुभट्ट्या होत्या, थोरली आणि धाकटी. धाकटी वयाने लहान, प्रकृतीने ठणठणीत. पण एके दिवशी मुख्य कचेरीतून "परवडत नाही" असे दोनच शब्द आले आणि ती कायमची विझवली गेली. आता तिच्या दाराला कुलूप होते, आणि आतल्या राखणदाराच्या दिव्याला थोरलीकडून वीज जात असे. बहिणीच्या घरी दिवा लावायला बहिणीनेच तेल पाठवावे, असे ते दृश्य. स्थिरराव त्या कुलपाजवळून जाताना मान दुसरीकडे वळवीत. थोरलीचेही असेच करायचे की तिला आणखी दहा वर्षे चालू द्यायचे, याचा निर्णय संचालक मंडळ उन्हाळा सरण्यापूर्वी घेणार होते. स्थिररावांच्या आयुष्यात त्या ऋतूत दुसरा प्रश्नच नव्हता.

येथे त्या केंद्राची एक रीत सांगितली पाहिजे. कारण पुढचे सारे तिच्यावर अवलंबून आहे. नियंत्रणकक्षात कोणतीही आज्ञा एकदा उच्चारून भागत नसे. एकाने सांगायचे, दुसऱ्याने ते आपल्या तोंडाने पुन्हा म्हणायचे, आणि पहिल्याने "बरोबर" म्हणायचे. ते "बरोबर" येईपर्यंत कुणी बोटही हलवायचे नाही. पुनरुच्चारात फरक पडला तर सांगणाऱ्याने तिथल्या तिथे दुरुस्त करावे. न करता "बरोबर" म्हटले, तर जे पुन्हा म्हटले गेले तेच प्रमाण. उच्चारले ते नव्हे, मान्य झाले ते खरे. अणुभट्टीच्या सान्निध्यात ही रीत फार मोलाची आहे.

स्थिररावांनी ती घरी आणली होती, एवढाच दोष.

"अहो, येताना दोन पाव आणा," पत्नीने म्हणावे.

"येताना एक पाव आणतो," यांनी म्हणावे.

तिचे लक्ष दुधाकडे. "बरोबर."

मग एकच पाव येई, आणि त्यावर वाद घालायला जागा नसे. "उद्या ताईकडे जाऊ या" याचे उत्तर "उद्या ताईकडे जायचं नाही" असे आले, आणि बाईंनी सुईत दोरा ओवता ओवता "बरोबर" म्हटले, त्याला आता किती काळ लोटला होता कोण जाणे. ताईंच्या घराला मध्यंतरी नवा रंग लागून तो जुनाही झाला होता.

या दांपत्याला एक कन्या होती. घरी तिला चिमणी म्हणत. चिमणी मोठी होऊन त्याच वीजकंपनीत, पण शहरातल्या सौदेविभागात लागली होती. वडील वीज निर्माण करीत, मुलगी ती बाजारात विकी. एका घरात लक्ष्मी आणि अग्नी दोन्ही नांदावेत असा हा योग. पण हल्ली दोघांत धुसफुस चालू होती.

कारण असे की वीज ही साठवून ठेवण्यासारखी वस्तू नव्हे. निदान पुरेशी नव्हे; जे काही मोठमोठे विद्युतपेटारे लोकांनी उभारले आहेत, ते मध्यान्हीपूर्वीच तुडुंब भरतात. ज्या क्षणी निपजते त्या क्षणी ती कुणीतरी वापरली पाहिजे. आणि अलीकडे सुट्टीच्या दिवशी, कारखाने निजलेले, आकाश निरभ्र, गावोगावची छपरे सौरपट्ट्यांनी झळकत असताना, ऐन दुपारी बाजारात विजेचा असा काही पूर येई की तिचा भाव घसरत घसरत शून्याखाली जाई. अशा वेळी विकणाऱ्यालाच घेणाऱ्याचे हात ओले करावे लागत. सूर्यवाले आपले पाट चटकन मिटवू शकत, वायूवर चालणारी केंद्रे विझत. थोरली मात्र आपली पूर्ण तेजाने तळपत राही, आणि तिच्या प्रत्येक एककामागे कंपनीच्या तिजोरीला भोक पडे.

सुट्टीच्या दुपारी मग नियंत्रणकक्षातला दूरध्वनी वाजे.

"सौदेविभाग. बाबा, मी बोलतेय."

"इथे बाबा कुणी नाही. पाळीप्रमुख आहेत."

"बरं, पाळीप्रमुख. भाव शून्याखाली गेलाय. थोरली जरा खाली आणता येईल का?"

"आज नाही. पंपाची चाचणी आहे."

"मागच्या सुट्टीलाही पंपच होता!"

"तो डावा होता."

"आणि त्याच्या मागच्या?"

"तेव्हा उजव्याचा आवाज येत होता. पंप झाला म्हणून काय झालं? त्यालाही वय होतं."

"बाबा, तुमचे पंप फक्त सुट्टीच्या दुपारीच आजारी पडतात, हे इथे सगळ्यांना पाठ झालंय. माझे सोबती पैजा लावतात, आज कुठला पंप म्हणून."

"मग त्यांना सांग, पुढच्या वेळी झडप आहे," स्थिरराव म्हणाले, आणि त्यांनी दूरध्वनी ठेवला. मागे बसलेले सहायक खाली मान घालून हसले.

त्या रात्री जेवताना विषय निघाला. बाईंचे बंधू, म्हणजे चिमणीचे मामा, पानावर होते. मामांचा धंदा छपरांवर सौरपट्ट्या बसवून देण्याचा. गेल्या वर्षी स्थिरराव पाळीवर असताना मामांनी बहिणीच्या संमतीने खुद्द स्थिररावांच्या छपरावरच पट्ट्या चढवल्या होत्या. आणि ते पाहून वसाहतीतल्या निम्म्या लोकांनी, म्हणजे थोरलीचेच अन्न खाणाऱ्यांनी, आपापली छपरे मामांच्या स्वाधीन केली होती. स्थिरराव तेव्हापासून घरात शिरताना वर पाहत नसत.

"भाऊजी, माझी दुपारची वीज म्हणजे नुसती कृपा आहे वरच्याची," मामा म्हणाले. "ना इंधन, ना पंप, ना पाळी."

"आणि सूर्य मावळल्यावर?"

"सूर्य मावळल्यावर मी दुकान बंद करतो. सकाळी भेटू."

"हेच! हेच म्हणतो मी. हे दुपारी मिरवणार आणि दिवेलागणीला पळणार. तेव्हा कोण उभं असतं? थोरली!"

"म्हणून तर ती जगायला हवी ना बाबा," चिमणी म्हणाली. "तिचा खर्च कसा आहे बघा. ती धावली काय आणि झोपली काय, कर्ज तेवढंच, पगार तेवढेच. इंधन स्वस्त, म्हणून भाव कवडीभर जरी असला तरी मी तुम्हाला हात लावणार नाही. चालू दे म्हणेन. पण शून्याखाली? संध्याकाळी ती जे कमावते ते दुपारी उधळते. वित्तप्रमुख बाई विचारतात, ही म्हातारी वाकू शकते की नाही, एवढंच सांगा. वाकली तर ठेवू."

"दीपस्तंभ वाकत नसतो."

"आणि न वाकल्याने धाकटीचं काय झालं?"

हा घाव वर्मी बसला. स्थिररावांनी पाण्याचा पेला उचलला, ठेवला, आणि ते पानावरून उठले. तेवढ्याच गतीने.

बाई इतका वेळ वाढत होत्या. त्यांनी लेकीकडे पाहिले, भावाकडे पाहिले, आणि त्यांच्या मुद्रेवर एक असा भाव उमटला की मामांनी सवयीने खुर्ची थोडी मागे घेतली.

"उद्यापासून," बाई म्हणाल्या, "मी थोरली."

दुसऱ्या दिवसापासून त्या घरातली चूल, म्हणजे विजेची शेगडी, सकाळी पेटली ती उतरेना. सकाळी पातेलेभर भात आणि तेवढाच बटाट्याचा रस्सा. दुपारी तेवढेच, संध्याकाळी तेवढेच. घरात माणसे किती, भूक किती, याचा पाकसिद्धीशी काही संबंध उरला नाही. तो सारा आठवडा स्थिररावांना रजा होती.

"अगं, आत्ताच तर जेवलो. हे पुन्हा कशाला?"

"माझ्या शेगडीची एक लय आहे," बाई गंभीरपणे म्हणाल्या. "ती मोडायची नाही."

"पण खाणार कोण?"

"तो बाजाराचा प्रश्न. मी निर्मितीविभाग."

स्थिरराव डबे घेऊन शेजारी गेले. शेजारच्या परिचारिकेने पहिल्या दुपारी तोंडभर कौतुक केले, दुसऱ्या दुपारी अर्धे तोंड भरून, आणि तिसऱ्या दुपारी दार अर्धेच उघडले. "काका, खरं सांगू? मामा आत्ताच पाव आणि फळांची टोपली देऊन गेले. फुकट."

मामा खरोखरच ऐन दुपारी टोपली घेऊन गल्लीभर फिरत होते, आणि एखादा सत्पुरुष असावा तसे दोन्ही हातांनी वाटत होते.

"हे काय चाललंय तुमचं?" स्थिररावांनी त्यांना फाटकापाशी गाठले.

"काही नाही, भाऊजी. ऊन होतं, आलो. ढग आला की जाईन."

पलीकडचा शिंपी व्यवहारी होता. त्याने डब्याचे झाकण उघडून वास घेतला, पुन्हा लावले, आणि मापाची फीत गळ्यात घालीत म्हणाला, "ठेवून जा साहेब. पण आमच्याकडेही जागा लागते, उरलं तर टाकायला लांब जावं लागतं, डबा घासावा लागतो. वर काहीतरी द्यावं लागेल."

"म्हणजे? अन्न माझं, आणि पैसेही मीच द्यायचे?"

"नको असेल तर घेऊन जा ना. घाई कुणाला आहे?"

स्थिरराव त्या दारात कितीतरी वेळ उभे राहिले. शिळा डबा घरी परत न्यावा तर तिथे ताजे पातेले उतरत असणार. त्यांनी खिशात हात घातला. शिंप्याने नाणी मोजून घेतली आणि "उद्या दुपारी या, गिऱ्हाईक कमी असतं," असे अगत्याने सांगितले.

त्याच संध्याकाळी निराळाच प्रकार घडला. परिचारिका रात्रपाळीला निघताना धावत आली. "काकू, घरात काही नाही हो, मामांचा पत्ता नाही. काही गरम मिळेल?" आणि तिने नको नको म्हणताना बाईंच्या हातात अंड्यांची पिशवी ठेवली. मागोमाग शिंपी आला, आणि दुपारी डबा ठेवून घ्यायला जितके घेतले होते त्याच्या दुप्पट मोजून डबा घेऊन गेला.

रात्री स्थिरराव ओट्याशी येऊन उभे राहिले. चिमणी आलेली होती. बाई रस्सा ढवळीत होत्या.

"कळलं मला," ते म्हणाले. "मी काही मठ्ठ नाही. पहिल्याच दिवशी कळलं होतं."

"मग बोलत का नव्हतात?"

ते खुर्चीवर बसले. मग जे बोलले ते त्यांनी कुठल्याही दूरध्वनीवर कधी उच्चारले नव्हते.

"खाली आणायला मी भीत नाही. कुणीही आणील. परत चढेल का, याला भितो. भार कमी केला की तिच्या पोटात एक वायू साठतो. झेनॉन. इंधन ताजं असतं तेव्हा ती त्याला जुमानत नाही. पण आता ते भरल्याला वर्ष होत आलंय, इंधन थकलंय, आवरायचे दांडे आधीच बहुतेक वर काढलेत. पुढे ओढायला काही शिल्लक नाही. फार खाली नेलं, फार वेळ ठेवलं, तर तो वायू तिला बसवतो आणि ती रुसते. मग दिवेलागण होते, भाव चढतो, सगळे हात पुढे करतात, आणि ती उठत नाही. मग लोक म्हणतील, बघा, म्हातारी झाली."

चिमणी खुर्ची ओढून त्यांच्या समोर बसली.

"बाबा, हे आधी सांगायचं ना. मी पंप मोजत बसले."

"सांगितलं असतं तर तू वर सांगितलं असतंस. वरच्यांनी त्यातला एकच शब्द उचलला असता. थकलंय."

"पण थोडंच खाली नेलं, आणि लवकर परत आणलं तर?"

"सत्तर टक्क्यांपर्यंत ती येईल. ऊन कलायला लागलं की लगेच परत निघायचं, वायू पुरता दाटायच्या आत. तेवढं ती माझ्यासाठी करील. पन्नास नाही."

चिमणीने ओठ चावला. "वित्तप्रमुख बाई पन्नास म्हणतायत. येत्या सुट्टीला स्वतः केंद्रावर येणार आहेत बघायला. शेजारच्या कंपनीची भट्टी पन्नासवर जाते, मावळतीपर्यंत राहते, म्हणून."

"त्यांनी परवाच नवं इंधन भरलंय!"

"मी समजावीन त्यांना. पण आकडा माझ्या हातात नसतो, बाबा. वरून येतो, मी वाचते."

बाईंनी शेगडी बंद केली.

सुट्टीचा दिवस उजाडला तो निष्ठुरपणे स्वच्छ. आकाशात ढगाचा ठिपका नव्हता. मामांची सारी छपरे लखलखत होती. वित्तप्रमुख बाई नियंत्रणकक्षात आल्या. उंच, मितभाषिणी, चष्मा साखळीला. चिमणीचे समजावणे वाया गेले होते. "करून दाखवा, मग बोलू," एवढेच उत्तर तिला मिळाले होते. बाईंना एक खुर्ची देण्यात आली. सहायकांनी केस विंचरले होते. स्थिररावांनी नियंत्रणपटलावरून हात फिरवला, एखाद्या वृद्ध आप्ताच्या पाठीवरून फिरवावा तसा.

मध्यान्ह होताच भाव शून्याच्या उंबरठ्यावर आला, क्षणभर थबकला, आणि खाली उतरला. दूरध्वनी वाजला. तो सर्वांना ऐकू येईल असा लावलेला होता.

"सौदेविभाग," चिमणीचा आवाज कोरडा होता. "आज्ञा. थोरली पन्नास टक्क्यांवर आणावी, आणि सूर्यास्तापर्यंत तिथेच ठेवावी."

आता पाळीप्रमुखाने ते पुन्हा म्हणायचे होते. स्थिरराव पटलाकडे पाहत राहिले. "शक्य नाही" असे म्हणण्याचा अधिकार त्यांना होता. पण आज तो वापरला की थोरली वाकत नाही हे त्यांनीच सिद्ध केले असते. होय म्हणावे, तर संध्याकाळी ती स्वतःच सिद्ध करणार. एका बाजूला आड, दुसऱ्या बाजूला विहीर. त्यांनी घसा साफ केला, आणि अगदी त्या स्वरात, ज्या स्वरात ते वर्षानुवर्षे "येताना एक पाव आणतो" म्हणत आले होते, ते म्हणाले:

"थोरली सत्तर टक्क्यांवर आणतो, आणि ऊन कलताच परत चढवायला घेतो."

वित्तप्रमुख बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"त्या पन्नास म्हणाल्या."

"बाई," एक सहायक हलक्या आवाजात म्हणाला, "आज्ञा चालू असताना मध्ये बोलायचं नसतं. रीत आहे."

चिमणीच्या पुढ्यात आकडा होता, मागे वरिष्ठ होते. आणि बालपणापासून तिने आपल्या आईला या सापळ्यात किती वेळा सापडताना पाहिले होते, हे एक तिलाच ठाऊक. आई नकळत सापडत असे. इथे तसा आडोसा नव्हता.

"बरोबर," चिमणी म्हणाली.

स्थिररावांनी पहिला दांडा खाली सोडला.

थोरली उतरली. हत्ती गुडघे टेकतो तशी, घाई न करता, कुणाचा धक्का न लागता. सत्तरवर येऊन थांबली. बाजारातले नुकसान पुरते थांबले नाही, पण जखम भळभळत होती ती पाझरू लागली. ऊन नदीपलीकडे कलू लागताच स्थिररावांनी तिला हाक दिली, म्हणजे दांडे वर घ्यायला सांगितले. ती उठली. पंचाहत्तर. ऐंशी. पंच्याऐंशीच्या पुढे काटा गेला, आणि तिथेच बसला.

दांडे अगदी वरपर्यंत पोचले होते. आणखी ओढायला काही नव्हते.

"अडकली?" वित्तप्रमुख बाईंनी विचारले.

"रुसली."

"किती वेळ चालेल हे?"

"तिला विचारून सांगतो," स्थिरराव म्हणाले, आणि त्यांनी चहा मागवला.

खिडकीबाहेर सावल्या लांबल्या. गावोगावची छपरे एकेक करून मंदावली; मामांनी दुकान आवरले. पडद्यावरचा भाव शून्यावर आला, वर निघाला, आणि मग सुटला. सहायक काट्याकडे पाहत होते, बाई स्थिररावांकडे पाहत होत्या. स्थिरराव चहाकडे पाहत होते. त्यांनी त्यात आणखी एक चमचा साखर घातली. ते पाहून सहायकांनी एकमेकांना खुणावले, कारण त्या चहातली साखर वाढलेली त्यांनी कधी पाहिली नव्हती.

"येते," स्थिरराव पुटपुटले. "तिच्याच आचेवर तो वायू जळतोय. ढकलायचं नाही. नुसतं बसायचं."

काटा हलला. केसभर हलला, मग बोटभर. नव्वद. बाहेर पहिला दिवा लागला तेव्हा ती पंच्याण्णवच्या पुढे होती. आणि गावाने संध्याकाळच्या शेगड्या पेटवल्या, तेव्हा थोरली पूर्ण तेजाने उभी होती. तिची वीज आता हातोहात जात होती, दुपारच्या मामाला लाजवील अशा भावाने.

वित्तप्रमुख बाई उठून पटलापाशी आल्या. "पन्नासवर नेली असती तर?"

"तर आत्ता आपण तिच्या उशाशी बसलो असतो. उद्यापर्यंत."

"त्या मुलीने आज्ञा मोडली."

"नाही बाई. उच्चारलं ते नव्हे, मान्य झालं ते खरं. रीत कंपनीचीच आहे. ध्वनिमुद्रण ऐका, मी आज्ञा शब्दशः पाळलेली आढळेल."

बाईंच्या चष्म्याची साखळी हलली. त्या हसत होत्या असे म्हणण्याचे धाडस कुणी केले नाही. "आणि तुम्ही निवृत्त झाल्यावर? तिची समजूत काढणारा एकच माणूस असेल, तर ते परवडत नाही."

ते दोन शब्द ऐकून स्थिररावांनी कप खाली ठेवला. मग त्यांनी मागे वळून दोन्ही सहायकांकडे पाहिले. "खुर्च्या जवळ घ्या रे," ते म्हणाले. "पुढच्या सुट्टीला मी फक्त चहा पिणार. तिला तुम्ही उतरवायचं."

उन्हाळा सरण्यापूर्वी निर्णय आला. थोरलीला दहा वर्षे मिळाली, एका अटीसह: भाव शून्याखाली गेला की ती वाकेल, किती वाकायचे आणि केव्हा उठायचे, हे मात्र नियंत्रणकक्ष ठरवील. चिमणीला वरिष्ठांनी बोलावून बरेच सुनावले, आणि जाता जाता ती रीत सौदेविभागातही सुरू करता येईल का, असे विचारले.

ही वार्ता कळली त्या संध्याकाळी स्थिरराव घरी आले ते गुणगुणत. फाटकातून शिरताना त्यांनी चक्क मान वर करून छपराकडे पाहिले, आणि "असू दे, असू दे" अशा अर्थाचा हात हलवला. खुर्चीवर टेकून डोळे मिटून त्यांनी म्हटले, "अगं, चहा टाक. पूर्ण कप. आज आनंद आहे."

बाई शेगडीपाशीच होत्या. त्यांनी आच मंद केली, आणि एका लयीत, आवाज न चढवता, न उतरवता, म्हणाल्या:

"चहा टाकते, अर्धा कप. आणि सुट्टीला ताईकडे जायचंय, मुक्कामाला."

स्थिररावांच्या मिटल्या डोळ्यांपुढे पंच्याण्णवच्या पुढे सरकणारा काटा होता.

"बरोबर," ते म्हणाले.